वरपक्षाची खोली

गुडघ्यात रुतलेली अक्षत नखानं काढताना मला पहिल्यांदा वाटलं, की ही कार्यशाळा घरी विचारून लावायला हवी होती.

विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते माहीत होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं. मी एकावन्न वर्षांचा. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला आमच्या एकांकिकेची प्रकाशयोजना केली होती, म्हणजे भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून दोन डिमर वरखाली केले होते. एवढ्या भांडवलावर पुण्यात माणूस तीस वर्षं ‘आम्ही नाटकवाले’ म्हणत फिरू शकतो. त्यामुळे ‘देह, लय आणि विधी यांचा सामूहिक शोध, सहा आठवडे, शनिवार-रविवार पहाटे, पूर्वानुभवाची अट नाही’ असा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मी वयाची अट आहे का एवढंच पाहिलं. नव्हती. असायला हवी होती.

जागा कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतलं एक जुनं मंगल कार्यालय. चातुर्मास लागला होता, त्यामुळे हॉल स्वस्तात मिळाला. पण आपल्या लोकांना पंचांगात ‘गौण काळातले मुहूर्त’ नावाची पळवाट सापडलेली आहे. आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न उरकलेलं असायचं आणि शहाबादी फरशीच्या भेगांतून अक्षता दबा धरून बसलेल्या असायच्या. हवेत मठ्ठ्याचा वास. बायकांनी कपडे बदलायचे ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत, आम्ही ‘वरपक्ष’मध्ये. भिंतीवर पाटी : ‘हॉलमध्ये पळापळ करू नये. केल्यास कारण विचारले जाईल.’

मार्गदर्शक पस्तिशीचा, सुती कुर्ता, अनवाणी. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मला सर म्हणू नका. मी काही शिकवत नाही, मी फक्त तुमचा सोबती.” फी मात्र त्यानं आगाऊ घेतली होती. नावानं हाक मारायची माझी जीभ रेटेना, म्हणून मी मनातल्या मनात त्याला सोबती म्हणू लागलो.

या सगळ्याचा मूळपुरुष पोलंडचा दिग्दर्शक येर्झी ग्रोटोव्हस्की. जन्म 1933चा. ओपोले नावाच्या गावात 1959 साली एक चिमुकलं थिएटर हाती आलं, नाव ‘तेरा रांगांचं थिएटर’. तिथं त्यानं 1960मध्ये चक्क कालिदासाचं शाकुंतल केलं. पुढं त्यानं नाटकातून नेपथ्य काढलं, रंगभूषा काढली, दिव्यांचा झगमगाट काढला. (हे ऐकल्यावर माझ्यातला दोन डिमरवाला जरा दुखावला.) नट आणि प्रेक्षक एवढेच उरले तरी नाटक होतं, असं त्याचं म्हणणं. मग 1970च्या सुमारास त्यानं नवी नाटकं बसवणंही थांबवलं. प्रेक्षक काढले, आणि उरलेल्या माणसांना घेऊन जंगलात गेला. तिथं धावणं, गाणं, रात्रभर जागणं. 1999मध्ये इटलीत वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी आपल्या तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरावर विसर्जित केल्या. म्हणजे माणूस खरा होता, यात शंका नाही. प्रश्न माझा होता.

पहिला व्यायाम धावण्याचा. चौदा माणसांनी हॉलभर कसंही धावायचं, कुणाला धडकायचं नाही, पुढारी कुणीच नाही, आणि कुणी न सांगता सगळ्यांनी एकदम थांबायचं. तेरा जण एकदम थांबायचे. मग शांततेत माझी चार पावलं ऐकू यायची. फट, फट, फट, फट. पाचव्याला मी खांबाला हात टेकलेला असायचा.

दुसरा मार्जार. पालथं पडायचं, झोपलेल्या मांजरासारखं, मग सगळा भार तळव्यांवर घेत हळूहळू जागं व्हायचं, कणा लवचीक ठेवून आळस द्यायचा. शेजारची आयटीतली पोरगी खरोखर मांजरासारखी उठली. मी उठलो ते पंगतीत चार तास मांडी घालून बसलेल्या विहिणीच्या वडिलांसारखा. आधी एक हात, मग ‘हरी हरी’, मग दुसरा हात.

“तुम्ही काहीतरी करून दाखवताय,” सोबती हळूच म्हणाला. “काही मिळवायचं नाहीये. जे आड येतंय ते काढून टाकायचंय.”

मी खाली पाहिलं. आड येत होतं ते पोट होतं.

सोमवारी हेल्मेट डोक्यापर्यंत नेताना हात अर्ध्यात थांबला. ऑफिसात मी जिना उलटा उतरलो, कठड्याला धरून. घरी मॉर्निंग वॉक लावलाय अशी थाप मारली होती, पण महानारायण तेलाचा वास लपत नाही. बायकोनं सगळं काढून घेतलं, शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढू या म्हटलं की गुडघा दुखतो. आणि तिथं पैसे देऊन मांजर होता?”

पण अंगदुखीचं एक वेळ चालेल. खरा छळ होता तो मौनाचा. साडेपाच ते नऊ कुणी अक्षर बोलायचं नाही, आणि सोबत्याच्या मते मनातसुद्धा शेरा मारायचा नाही. मनातसुद्धा! पुण्यात जन्मलेल्या माणसाला शेरा मारू नको म्हणणं म्हणजे श्वास सोडू नको म्हणण्यासारखं आहे. समोरच्या काकू डोळे मिटून वाऱ्यात डोलणारं झाड झाल्या, की आमच्या आत लगेच सुरू : नारळ की अशोक? सोबती गुडघे किंचित वाकवून, हात पसरून उभा राहिला, की ‘रिक्षा अडवतोय’. पाचव्या आठवड्यात धावताना एकदा सगळ्यांची पावलं एका ठेक्यात पडली. चौदा माणसांचा मिळून एकच आवाज, फरशीतून टाचेत, टाचेतून छातीत. सात-आठ फेऱ्या मी खरंच कुठे होतो ते मला माहीत नाही. मग डोक्यात आलं, ‘वा, हे सांगण्यासारखं आहे,’ आणि ठेका गेला. खांबाशी पुन्हा मी एकटा.

एकदा सत्रानंतर मी त्याला ऐकवलंच. “आमच्याकडे वारी आहे, पावली आहे, लेझीम आहे, गोंधळ आहे. चौदा माणसांचं काय घेऊन बसलात, लाखो माणसं एका ठेक्यात चालतात. पोलंडहून कशाला आणायचं?”

“तुम्ही किती वेळा गेलात वारीला?” त्यानं विचारलं. अगदी साधेपणानं, हो.

पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा रस्ते बंद म्हणून मी सुट्टी टाकतो. हे मी त्याला सांगितलं नाही.

तिसरा प्रकार दिशांच्या सरावाचा. ग्रोटोव्हस्कीच्या उत्तरकाळातला हा प्रकार : अतिशय सावकाश, सगळ्यांनी एका लयीत, एकेका दिशेकडे वळायचं, ताणायचं, परत यायचं. नजर कशावरही रोखायची नाही, सगळं दिसू द्यायचं. तीन आठवडे आम्ही पूर्वेला सामोरे जात होतो. आयटीतल्या पोरीला तर एकदा पूर्वेकडे बघून रडू आलं. त्या दिवशी कार्यालयाचे व्यवस्थापक काका दारात उभे होते. कानटोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि मग राहवेना.

“काय करताय ते करा. पण पूर्व तिकडे आहे. नवरानवरी पाटावर बसवतो ना मी, मला ठाऊक आहे. हे तुम्ही जिकडे हात पसरताय ती भांडी घासायची मोरी.”

मौन मोडायचं नव्हतं, म्हणून चौदा जण अतिशय सावकाश, एका लयीत, मोरीकडून पूर्वेकडे वळले.

शेवटच्या शनिवारी रात्रभराचं सत्र. मधोमध अग्नी, त्याभोवती पहाटेपर्यंत फेर, आणि प्रत्येकानं काहीतरी ‘सोडायचं’. कागदावर लिहून आगीत. सोबत्यानं परवानगी मागितली तेव्हा काकांनी वही काढली.

“होम आहे का?”

“नाही, तसा धार्मिक नाही. आपला आपण शोधलेला विधी.”

“म्हणजे होमच. होमाचं कुंड आमचंच वापरायचं, फरशीवर थेट पेटवलेलं चालत नाही. गोवऱ्या, समिधांचे वेगळे. गुरुजी तुमचे की आमचे?”

“गुरुजी नाहीत.”

काकांनी पेन थांबवलं. “मग चुकलं तर सांगणार कोण?”

सोबत्याकडे यावर उत्तर नव्हतं. सहा आठवड्यांत त्याला निरुत्तर झालेला मी तेव्हाच पाहिला.

रात्र झाली. कुंडातल्या धुरानं डोळे चुरचुरत होते, बाहेर पत्र्यावर पाऊस. फेर, थांबणं, पुन्हा फेर. तीनच्या सुमाराला गुडघे दुखायचे थांबले. बहुधा त्यांनी नाद सोडला असावा. काका वधूपक्षाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, ‘विस्तवावर लक्ष ठेवायला’. माझ्या कागदावर मी ‘शेरे’ असं लिहिलं होतं. टाकताना शेजारच्या काकूंच्या कागदावर ‘नारळ’ असं काहीतरी दिसलं आणि मला फिस्सकन हसू आलं. एवढ्यात आमचा कागद जळून गेला होता, पण उपयोग शून्य.

उजाडलं तेव्हा सोबत्यानं खूण केली : सूर्योदयापर्यंत कुणी बोलायचं नाही. काका उठले, कुंडात पाणी शिंपडलं, वही काढली.

“बोलत नाही म्हणता, ठीक आहे. पण चहा किती सांगू?”

चौदा माणसं गप्प. मग मी पुढं झालो. दोन हात वर करून दहा बोटं, मग चार. एक बोट स्वतःच्या छातीवर, अंगठा आणि तर्जनी अर्ध्या इंचावर, मग चिमटीतून काहीतरी टाकल्यासारखं करून मान हलवली.

“चौदा,” काका लिहीत म्हणाले. “त्यातला तुमचा अर्धा, बिनसाखरेचा.”

सोबत्याचे डोळे भरून आले होते. धुरानं असेल. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या.