टॉरचा एक्झिट रिले गावच्या घरी नको, स्नोफ्लेक लावा

गावी फायबर आलाय, लाइन दिवसभर रिकामी असते, मग टॉरचा (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या जाळ्याचा) एक्झिट रिले लावून ठेवावा का? असं वाटणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगणं आहे: एक्झिट घरी नको. टॉरला मदत मात्र जरूर करा, ती देवगड-दापोलीच्या घरातूनही होते.

टॉरमध्ये माहिती तीन संगणकांतून, म्हणजे रिलेंमधून जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याचं नेमकं उलट. तो शेवटचा म्हणजे एक्झिट, आणि समोरच्या वेबसाइटला दिसतो तो त्याचाच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). त्यातून कुणी धमकीचा मेल पाठवला तर तपासात नाव निघतं ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचं. गावच्या घरात ते बहुतेक वेळा वडिलांचं किंवा आजीचं असतं. "मजकूर आमचा नव्हता, आमच्याकडून नुसता पुढे गेला" हे दारात आलेल्या पोलिसांना त्यांनी कसं पटवून द्यायचं? रशियात २०१७ साली दिमित्री बोगातोव या गणिताच्या शिक्षकाला दुसऱ्याच कुणीतरी टाकलेल्या मजकुरावरून अटक झाली, कारण एक्झिट त्याच्या घरी चालत होता. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण तोवर कोठडी आणि नजरकैद दोन्ही भोगून झाली होती. टॉर प्रोजेक्ट स्वतःसुद्धा घरून एक्झिट चालवू नका असंच सांगतं.

मग मधला रिले? कायद्याच्या दृष्टीने तो बराच सुरक्षित, कारण वेबसाइटशी त्याचा थेट संबंधच येत नाही. पण त्याचाही आयपी जाहीर यादीत असतो. कित्येक साइट एक्झिट कोण आणि मधला कोण हे बघत बसत नाहीत, यादीतला प्रत्येक आयपी अडवतात. म्हणजे त्याच वायफायवर आईचं बँकेचं ॲप रुसू शकतं.

शिवाय हिशेब करा. रिलेसाठी दोन्ही बाजूंनी किमान १० एमबीपीएस लागतात. तेवढा वेग महिनाभर पूर्ण वापरला गेला तर ३.२४ टीबी आत आणि तेवढेच बाहेर, मिळून साडेसहा टीबीच्या आसपास. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते. अपलोडही त्यात धरत असतील तर पंधरा दिवसांत लाइन संपली, उरलेला महिना घरच्यांनी गोगलगायीच्या वेगाने काढायचा. टॉरच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा घालणारं 'अकाउंटिंगमॅक्स ५०० जीबी' लिहिलं तर ५०० आत आणि ५०० बाहेर, असा एक टीबी जातो. इथे पुष्कळ जण फसतात. नवा रिले भरात यायला साधारण ६८ दिवस लागतात. मृगात सुरू केलात तर श्रावण उजाडेल, आणि तेवढ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको.

सगळ्यात मोठा अडसर वेगळाच. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी कंपनीने अनेक घरांत वाटलाय, बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. मग रिले नाही आणि ब्रिजही (टॉर अडवलेल्या लोकांसाठीचा छुपा प्रवेश-रिले) नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मिळतो, तो घेतलात तर ओबीएफएस४ (टॉरची वाहतूक ओळखू न येणारा) ब्रिज छान चालतो. ब्रिजचा पत्ता जाहीर यादीत नसतो. पण सार्वजनिक असूनही बदलता आयपी असेल तर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि लोकांना दिलेली जुनी ब्रिज-ओळ वाया जाते.

म्हणून आपल्या किनाऱ्याला सगळ्यात सोयीचा स्नोफ्लेक. सीजीनॅटमागे चालतो, आयपी बदलला तरी बिघडत नाही, आणि वेबसाइटला तुमचा आयपी दिसतच नाही, कारण तुम्ही फक्त अडवल्या गेलेल्या माणसाला टॉरच्या दारापर्यंत पोचवता. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉर अडवलं, २०२२ च्या सप्टेंबरात इराणमध्ये आंदोलन पेटलं, तेव्हा लोकांनी यालाच धरलं होतं. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकलं की झालं, फक्त ब्राउझर उघडा हवा. चोवीस तास चालवायचं तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ किंवा पुढचं घालून 'स्नोफ्लेक-प्रॉक्सी' हे पॅकेज बसवा. लॉगमध्ये (त्याच्या नोंदींत) 'रिस्ट्रिक्टेड' नॅट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांवर बंधन, असं दिसलं तर घाबरू नका, जोडण्या कमी मिळतील इतकंच. तासातासाला किती जणांना वाट मिळाली तो आकडा तिथेच दिसतो.

आता हा रास्पबेरी पाय टिकवायचा कसा. लाइट झटक्याने गेली की एसडी कार्ड बिघडतं, त्यामुळे छोट्या एसएसडीवर चालवा. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचा चांगला अडॅप्टर द्या, मोबाइलचा चार्जर नको. राउटर आणि ओएनटी (फायबर येऊन जोडतो तो डबा) दोन्ही यूपीएसवर हवेत, एकच ठेवून उपयोग नाही. खाऱ्या हवेने लॅनच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, म्हणून डबा पडवीत न ठेवता माजघरातल्या भिंतीला लावा. ओएनटीवर एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला तर आधी बाहेर जाऊन वायर बघा, माडाची झावळ तिच्यावर पडलेली सापडते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण टांगत्या केबलमध्ये आधाराची पोलादी तार असते. गडगडायला लागलं की प्लग काढाच.

ज्याला एक्झिटच द्यायचा आहे त्याने तो संस्थेच्या नावाने द्यावा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या किल्टन वाचनालयाने २०१५ साली टॉर रिले सुरू केला, सरकारी खात्याचा ईमेल आल्यावर थांबवला, आणि गावकऱ्यांच्या पाठिंब्यावर पुन्हा चालू केला. लोणेऱ्यासारख्या विद्यापीठात हे का होऊ नये? व्यवस्थापनाची लेखी परवानगी, वकिलाचा सल्ला, कार्यालयापेक्षा वेगळा आयपी, रिव्हर्स डीएनएसमध्ये (आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीत) 'टॉर-एक्झिट' असं स्पष्ट नाव, त्या आयपीवर टॉर म्हणजे काय ते सांगणारं एक पान, आणि तक्रारीला त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस. पोर्ट २५ (ईमेल पाठवण्याचा मार्ग) मूळ सेटिंगमध्ये बंदच असतो, तो उघडू नका, नाहीतर पहिल्याच आठवड्यात स्पॅमच्या तक्रारी येतील.