तीन आठवड्यांची शेवंती

दोन्ही हात कोपरापर्यंत खाजतायत. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

कोथरूडला तळमजल्याचा फ्लॅट घेतला, त्यासोबत ओसाड बाग पदरात पडली. फुटक्या कुंड्या, एक बूट (एकच!), त्याच्याखाली वाळका मोगरा. फांदी नखाने खरवडली तर आत हिरवी! मग वीतभर ठेवून छाटला, शेणखत घातलं. कोपऱ्यात मात्र शेवंती होती. कातरलेली, नाजूक पानं. तिला रोज तांदूळ धुतलेलं पाणी. वर ऊन लागू नये म्हणून माझी जुनी ओढणी बांधली.

शेजारचे काका रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून आकडीने माझी जास्वंद ओढतात. "आधीचे मालक काही म्हणत नसत." खरेदीखतात हे कलम मला सापडलं नाही. पाणी माझं, खत माझं, पुण्य त्यांचं. चतुर्थीला तर एकवीस मोजून नेली, आणि वर "यंदा फूल लहान आहे" हा शेरा.

काल शेवंतीला बारीक पांढरी फुलं आली. मी कौतुकाने हाक मारली.

"काका, शेवंती फुलली!"

"ते गाजरगवत आहे."

"काय?"

"काँग्रेस गवत हो. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. १९५५च्या सुमाराला देशात पहिल्यांदा दिसलं ते आपल्या पुण्यात!" 'आपल्या'वर असा जोर, की यांनीच सत्कार केला असावा.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंत कुठं? ओढणी बांधलीत तेव्हा वाटलं, काहीतरी व्रत असेल."

तीन आठवडे! फुटपाथच्या फटीत, कुणी न विचारता उगवणाऱ्या गवताला मी सावली केली, आणि हा माणूस हातात परडी घेऊन बघत राहिला. एरवी माझा नळ दोन मिनिटं जास्त चालला तर बेल वाजते.

"एका झाडाला हजारो बिया धरतात," काका पुढे म्हणाले, "आमच्याकडे उडणार नाहीत एवढं बघा."

रागाच्या भरात मी ते नुसत्या हातांनी उपटलं. रात्री खाज सुटली. सकाळी भिंतीवरून आकडी आली, टोकाला पिशवी, पिशवीत कैलास जीवनची अर्धी डबी.

"लावून झालं की परत द्या. आणि मोगऱ्याला तीन कळ्या आहेत, तेवढ्या तोडू नका. उद्या लागतील."