"गाठीला चाकू लावू नका, पसरतंय" या मेसेजला उत्तर

सांगली-मिरज-तासगावच्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्याचं सार असं: स्तनातल्या गाठीला सुई किंवा चाकू लागला की कॅन्सर अंगभर पसरतो, डॉक्टर पैशासाठी सरळ छातीच काढून टाकतात, काढली तरी तो परत येतोच, त्यापेक्षा तीन महिने हळद आणि गोमूत्र घ्या, गाठ विरघळते. पाठवणारी माणसं वाईट नाहीत, आपल्याच काकू-वहिनी आहेत, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

आधी सुईचं बघू. बायोप्सी म्हणजे तेवढी जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचे बारीक तुकडे काढतात. स्टेपलर मारल्यासारखा टक् आवाज येतो आणि बाई दचकते, बाकी काही नाही. सुईच्या वाटेत चार पेशी सांडतात हे खरंय, तपासणीत त्या दिसल्यात, पण तिथंच रुजून कॅन्सर वाढला असं फार क्वचित होतं. आणि तो तुकडा काढल्याशिवाय गाठ कुठल्या जातीची, हार्मोनवर वाढणारी आहे का, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन जास्त असलेली) आहे का, हे कळतच नाही. आधी ऑपरेशन का आधी केमो, हे त्यावरच ठरतं.

मग पसरतंय ही समजूत आली कुठनं? मला विचाराल तर आपल्या घरांतूनच. गाठ दुखत नाही म्हणून बाई दिवाळी, मग लग्नसराई, मग द्राक्षाची छाटणी असं करत वर्ष काढते, जखम झाली की दाखवते, तोवर कॅन्सर काखेत, कधी हाडात गेलेला असतो, मग ऑपरेशन होतं, बाई वर्ष-दोन वर्षात जाते आणि दोष लागतो चाकूला.

ऑपरेशनच्या वेळी पेशी हलतात का, हा प्रश्न डॉक्टर लोक टाळतात असंही नाही बरं का. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातल्या ११ हॉस्पिटलांत सुरुवातीच्या स्टेजच्या साधारण १६०० बायकांवर नेमकं हेच तपासलं, भुलीनं पेशींचं हलणं रोखता येतं का हे बघायला निम्म्या जणींना गाठ काढायच्या जरा आधी गाठीभोवती भुलीचं साधं इंजेक्शन दिलं. २०२३ साली निकाल आला. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत, न दिलेल्यांपैकी ८६.४. मेसेजवाले म्हणतील बघा, आम्ही सांगत होतो! पण अहो, दोन्हीकडच्या सगळ्या बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि चाकू लागूनही शंभरातल्या ८६ च्या वरच होत्या की.

छातीच काढतात, हेही अर्धंच. १९७० च्या दशकात इटली आणि अमेरिकेत तुलना सुरू झाली, एका गटाचं पूर्ण स्तन काढलं, दुसऱ्या गटाची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, २० वर्षांचा हिशेब २००२ ला छापून आला आणि जगण्यात फरक निघाला नाही. त्यामुळे गाठ लहान असेल, एकच असेल, तर "स्तन वाचवता येईल का" हे थेट विचारायचं. मात्र त्यानंतर रेडिएशन बहुतेक वेळा घ्यावंच लागतं, काही आठवडे जवळजवळ रोज. जत-आटपाडीकडून मिरजेला रोज येणं जमणारं नाही म्हणून एखादी पूर्णच काढायचं ठरवते, तिलाही नावं ठेवू नका, तो तिचा विचार करून घेतलेला निर्णय असतो. माझ्या आत्यानं पूर्णच काढलं. जखमेतलं पाणी नळीतनं जमा होणारी ड्रेनची बाटली ब्लाउजपीसच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि रोज किती एमएल आलं ते कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारीच.

परत येतो का? येऊ शकतो. म्हणूनच नंतर गोळ्या, केमो, रेडिएशन असतं.

हळदीबद्दल आम्हा सांगलीकरांना कुणी शिकवू नये 😄 हळदीनं गाठी विरघळत असत्या तर मार्केट यार्डातल्या हमालांच्या घरात कॅन्सर शिरलाच नसता. हळद अंगात फार कमी शोषली जाते. आणि २०१८ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, ज्या बायकांनी स्तनाच्या कॅन्सरला नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले त्यांच्यात मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. ऑपरेशन दर चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ८ टक्क्यांनी वाढतो, मग तीन महिन्यांचा हिशेब तुम्हीच करा. सेकंड ओपिनियनला आठ-पंधरा दिवस गेले तर मात्र घाबरायचं कारण नाही, खुशाल घ्या.

पैशासाठी कापतात म्हणणाऱ्यांना एक सांगते. कॅन्सर आधीच हाडात किंवा लिव्हरमध्ये गेला असेल तर स्तनातली गाठ काढून आयुष्य वाढत नाही, हे २०१५ साली टाटाच्याच सर्जन लोकांनी ३५० बायकांच्या अभ्यासातून दाखवून दिलं. खूप वय झालेल्या, हार्ट कमजोर असलेल्या आजीला गाठ हार्मोनची असेल तर नुसत्या गोळीवर ठेवतात, असंही होतं. म्हणजे ऑपरेशन नको असं ठरू शकतं, पण ते रिपोर्ट बघून, फॉरवर्ड बघून नाही. आणि ठरवताना बाईला आत बसवा हो, नवरा, दीर, भाचा सगळे डॉक्टरांसमोर आणि जिचं दुखणं ती बाहेर बाकावर, हे लय बघितलंय.

खर्चाची भीती खरी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी तिथं बसणाऱ्या माणसाला) भेटा, आणि हे पैसे भरायच्या आधी करा, कारण एकदा रोखीनं बिल भरलं की ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.