आधी तारे, मग गोल

आज जुन्या बाजारात डोकं फिरलं. एका गोणपाटावर नाणी, गंजलेली कुलपं, फुटके कंदील, आणि त्यात एक इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक. सहा टोकांचा, रिबन मळलेली तरी लाल-पांढरी-हिरवी ओळखू येत होती. शेजारचा गिऱ्हाईक म्हणाला, "सोडा हो, इंग्रजांची चाकरी केलेल्यांचं पितळ आहे." मी भांडलो. चांगला भांडलो.

माझे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांच्या डब्यात चार पदकं. २६ जानेवारीला कोटावर मी लावून द्यायचो आणि दरवेळी चुकायचो. ते हात धरून सांगायचे, "आधी तारे, मग गोल." १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, आणि शेवटी गोल वॉर मेडल, दोन तोंडांच्या ड्रॅगनवर पाय रोवून उभा सिंह असलेलं.

चाकरी म्हणे! अरे, त्या युद्धात २५ लाख हिंदुस्थानी माणसं लढायला गेली, सक्तीची भरती नसताना. आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनचे उभे कडे चढली, इटलीच्या चिखलात झोपली, ८७ हजारांवर परत आलीच नाहीत. आपल्या माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे आठवा. १० जुलै १९४४, इटली, तुकडीतले सगळे पडलेले किंवा जखमी, आणि हा गडी एकटा मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मिळाला, पण देह सापडला नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. बावीस वर्षांचा पोरगा! त्याला चाकर म्हणायची कुणाची छाती आहे?

हो, पोटासाठीही गेले, आणि साम्राज्याने त्यांना वापरलं. मान्य. आझाद हिंदवाल्यांची वाट वेगळी आणि मोठी, तेही मान्य. म्हणून काय यांचं रक्त पाणी झालं?

आबा लढाईचं कधी बोलले नाहीत. एकच गोष्ट. त्यांच्याबरोबर भरती झालेला गावचाच एक सोबती इटलीत राहिला. त्याची पदकं आईच्या हाती आली, पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज कुंकू लावायची. दर खंडेनवमीला आबा आधी तिच्या घरी जायचे, तिची पदकं फडक्याने पुसायचे, ओळीने मांडायचे, मगच घरी येऊन आपला डबा उघडायचे. मी एकदा बरोबर गेलो होतो. ताऱ्यांच्या खाचांत कुंकू बसलेलं, ते आबांनी काढलं नाही. फक्त भोवतीचा पितळी भाग घासला.

मगाचा राग आता उतरलाय. विकणाऱ्यालाही काय बोलणार? घरातलं कुणी गेलं, माळा आवरला, भंगारवाल्याला दिला, असंच झालं असेल. पण निदान एकदा तरी उलटं करून बघा रे, मागे काही कोरलंय का! तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा डबा असेल तर विकू नका. आजीला विचारा, ती असेपर्यंत.

तो तारा मी घेतला. घासाघीस केली नाही. आबांच्या डब्यात ठेवलाय, पण वेगळ्या फडक्यात. तो दुसऱ्या घरचा आहे.