पुनर्मुद्रणात नेमकं काय बदललं, ते कोण सांगणार?

यंदाच्या जूनमध्ये पुस्तकांचे गठ्ठे मोजायला मला कुणी बोलावलं नाही. 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आणि मे महिन्यात निवृत्त झालो. दरवर्षी टेम्पो केंद्रशाळेच्या दारात यायचा, गठ्ठे उतरायचे, आणि आम्ही पटसंख्येचा कागद घेऊन इयत्तावार मोजणी करायचो. गणित पाच कमी, मराठी तीन जास्त, इंग्रजी अजून आलंच नाही. मग शेजारच्या शाळेशी अदलाबदल.

माझी एक खोड होती. पोरं पुस्तकातली चित्रं बघायची आणि मी मुखपृष्ठ उलटून आतला बारीक मजकूर वाचत बसायचो. अमुक क्रमांकाच्या शासन निर्णयान्वये स्थापन झालेल्या समन्वय समितीच्या तमुक तारखेच्या बैठकीत या पुस्तकाला मान्यता दिली, असं एक भलंमोठं वाक्य तिथे असतं. त्याच्या आसपास कुठेतरी समित्यांची नावं. आणि एका कोपऱ्यात दोन ओळी : प्रथमावृत्ती अमुक साल, पुनर्मुद्रण तमुक साल.

त्या दुसऱ्या ओळीनेच एकदा माझी फजिती केली. पुस्तक कुठलं, विषय कोणता, ते राहू द्या. वर्गात आळीपाळीने वाचन चाललं होतं. एका बाकावर दोघं. एकाकडे कोरं पुस्तक, दुसऱ्याकडे आदल्या वर्षी परत जमा झालेलं, कोपरे दुमडलेलं. जुन्या पुस्तकातलं वाक्य वाचून होताच शेजारचा म्हणाला, "गुरुजी, माझ्यात हे नाहीच." मी दोन्ही पुस्तकं हातात घेतली. खरंच नव्हतं. एक अख्खं वाक्य गेलं होतं, आणि खालचा मजकूर वर सरकवून जागा अशी सफाईने भरली होती की दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय कळलंही नसतं. पोरगा विचारतो, "मग बरोबर कुणाचं?"

मी म्हणालो, "नव्यातलं धर." नवं आहे, एवढंच कारण. आजही त्या उत्तराची मला लाज वाटते.

पाठ्यपुस्तकात काय असावं हे सरकारने ठरवू नये, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. आमच्या शाळेतल्या कितीतरी घरांमध्ये कॅलेंडर सोडलं तर छापलेला कागद म्हणजे पोराचं पुस्तक, एवढंच. ते फुकट मिळतं म्हणून मिळतं. ते बाजारावर सोपवा म्हणणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या दुकानातली गाईडं चाळावीत. तेव्हा सरकार त्यात असणारच, असायलाही हवं. माझी तक्रार वेगळी आहे. सरकार बदल करतं आणि त्याखाली सही करत नाही.

थोडा मागचा इतिहास सांगतो. 1950 च्या आसपास पंजाब सरकारने शालेय पुस्तकांचा धंदा हळूहळू स्वतःकडे ओढला. लेखकाने हक्क सरकारला द्यायचे, बदल्यात पाच टक्के रॉयल्टी घ्यायची. खासगी प्रकाशक सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा न करता, नुसत्या हुकमावर सरकार हे कसं करू शकतं, असा त्यांचा मुद्दा होता. 1955 मध्ये राम जवाया कपूर खटल्याचा निकाल लागला आणि प्रकाशक हरले. न्यायालय म्हणालं, यासाठी वेगळ्या कायद्याची गरज नाही, कार्यकारी अधिकारात हे बसतं. आज आपल्या पुस्तकांचा कारभार शासन निर्णयांवर चालतो, त्याची मुळं अशी जुनी आहेत. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 29 ने अभ्यासक्रम शैक्षणिक प्राधिकरणाने ठरवावा आणि तो संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असावा, असं सांगितलं. चांगलंच केलं. पण छापलेल्या पुस्तकातलं वाक्य कुणी, कधी, कशासाठी काढलं हे वाचणाऱ्याला सांगायची सक्ती तिथेही आली नाही.

सांगितलं नाही की काय होतं ते एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांनी कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून पुस्तकांमधला बराच मजकूर वगळला आणि वगळलेल्या भागांची यादी जाहीर केली. यादी आली याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. 2023 मध्ये नवी पुस्तकं हातात आली आणि कळलं, की बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून गांधीहत्येनंतर संघावर आलेल्या बंदीचा उल्लेखही गेलाय, आणि तो त्या यादीत नव्हता. नजरचूक झाली असावी, असं उत्तर मिळालं. नजरचुकीने वाक्य राहून जातं हे मी समजू शकतो. नजरचुकीने वाक्य कापलं जातं, हे 34 वर्षं लाल पेन चालवलेल्या माणसाला पचायला जरा जड जातं.

आता लगेच कमेंटमध्ये "हे सगळं आत्ताच्याच सरकारचं" असं लिहू नका. 2012 आठवा. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं 1949 सालचं व्यंगचित्र होतं, गोगलगायीच्या पाठीवर संविधान, तिच्यावर बाबासाहेब आणि मागे नेहरू. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, आणि तेव्हाच्या सरकारने ते चित्र काढायचं आश्वासन तिथल्या तिथे देऊन टाकलं. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी या पुस्तकांचं मुख्य सल्लागारपद सोडलं. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. पुढे 2023 मध्ये याच दोघांनी, इतकी काटछाट झालेल्या पुस्तकांवरून आमची नावं तरी काढा, अशी मागणी केली. तीही मान्य झाली नाही. म्हणजे कात्री एकाची आणि नाव दुसऱ्याचं. बाकावरच्या पोराने उद्या विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" तर मास्तरने काय सांगायचं?

याच्या बरोबर उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस, बावीस'च्या जोडीला संख्यावाचनाची 'वीस एक, वीस दोन' ही पद्धत आली तेव्हा केवढा दंगा झाला! विधिमंडळात आडनावांवर कोट्या झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तर महिनाभर तेच. मराठी बुडाली म्हणणाऱ्यांत मीही होतो, शिक्षकांच्या गटावर दोन तावातावाचे मेसेज टाकले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. त्या समोर आल्या, स्वतःच्या नावाने बोलल्या. जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, आपण अंक लिहितो एका क्रमाने आणि बोलतो उलट्या क्रमाने, शिवाय जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही पुस्तकात आहेत, असं त्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं.

मग मी माझ्याच वर्गाकडे नीट बघितलं. पंचवीस म्हटलं की दर वर्षी चार-दोन पोरं 52 लिहितात. लिहिणारच. कानावर आधी 'पंच' पडतं, मग 'वीस', तर हातही आधी पाचकडे जातो. त्रेपन्नचं 35 होतं. एकोणसाठचं विचारू नका, 'साठ' ऐकलं की आधी सहाच येतो पाटीवर, मग त्याच्यापुढे एक आणि पोरगं विजयी मुद्रेने 61 दाखवतं. इतकी वर्षं मी हे 'लक्ष नाही' या नावाखाली खपवत आलो होतो. ती पद्धत मला आजही पूर्ण पटलेली नाही, कारण पोराला बाजारात आणि एसटीत 'पंचवीस'च ऐकायचंय. पण कारण कळल्यामुळे मला भांडता आलं, आणि भांडता भांडता माझंच थोडं चुकलेलं दिसलं. कोरं पुस्तक आणि वर एक शासन निर्णय, यातून हे झालं नसतं.

कोरं म्हटल्यावर कोऱ्या पानांची आठवण येणारच. मार्च 2023 चा निर्णय. पुस्तकाचे चार भाग करा, धड्यांना वहीची पानं जोडा, वर 'माझी नोंद'. दप्तर हलकं होईल म्हणाले. पुस्तकात लिहिलं की ते खराब होतं, असं घरी शिकवलेली आमची पोरं; त्यांनी त्या पानांवर ट्रॅक्टर काढले आणि धड्याचं उत्तर लिहायला दप्तरातून वेगळी वही काढली. जानेवारी 2025 मध्ये हा निर्णय रद्द झाला. वह्या चालूच आहेत, ओझं कमी झालेलं नाही, हे दोन वर्षांनी कागदावर आलं. पहिल्या सत्रातच कुठल्याही शाळेत डोकावलं असतं तर ट्रॅक्टर दिसले असते.

मागायचं म्हणाल तर माझं मागणं अगदी किरकोळ आहे. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तसंच प्रत्येक पुनर्मुद्रणाच्या शेवटी एक बदलपत्र जोडा. पान अमुक, जुनं वाक्य असं, नवं असं, कारण हे, मान्यता कुणाची. अर्ध्या पानात मावेल. जिथे अर्ध्या पानात मावणार नाही तिथे तर ते हवंच.

यावर एक अधिकारी मला म्हणाले होते, "गुरुजी, असं केलं तर रोज नवा वाद." खरं आहे. 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला, तर त्यातल्या मनुस्मृतीच्या एका श्लोकावरून रान पेटलं. पण ते मसुद्यावर पेटलं ना? पुस्तकं छापून, टेम्पोत भरून, पोरांच्या दप्तरात जाऊन पडण्याच्या आधी. त्यासाठीच मसुदा असतो. शिवाय न सांगता बदल केला म्हणून वाद टळतो, असं तर एकदाही दिसलेलं नाही. दोन पुस्तकं एका बाकावर आली की तो होतोच, फक्त तेव्हा उत्तर द्यायला तिथे एकटा मास्तर असतो.

निवृत्त होताना शाळेतून मी फारसं काही आणलं नाही. एक शाल, एक घड्याळ, आणि गेल्या काही वर्षांत रद्दीत जाणारी, सुटी झालेली पाठ्यपुस्तकं, प्रत्येक पुनर्मुद्रणाची मिळेल तशी एकेक प्रत. त्यांनी कपाटाचे दोन कप्पे भरलेत. बायको म्हणते, "घराला वाळवी लावणार तुम्ही." काल डांबरगोळ्या आणून टाकल्या. सध्या दुपारी चष्मा लावून दोन-दोन पुस्तकं शेजारी ठेवतो आणि ओळीखाली बोट धरून वाचतो. चौथी झाली, पाचवी चालू आहे. कुणाकडे सहावी-सातवीच्या जुन्या प्रती असतील तर सांगा, फाटक्या असल्या तरी चालतील, एसटीने येऊन घेऊन जाईन.