चलो दौलताबाद

महंमद तुघलकाबद्दल शाळेत माझं जे मत झालं होतं, ते मी यंदा मागे घेतलं. १३२७ साली त्याने दिल्लीची राजधानी उचलून आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, आणून ठेवली आणि काही वर्षांनी परत नेली. तेव्हापासून जवळजवळ सातशे वर्षं आपण कुठल्याही गोंधळाला ‘तुघलकी कारभार’ म्हणत आलोय. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी डोंबिवलीची पाच आणि पुण्याची दोन अशी सात माणसं, तीन दिवसांसाठी, त्याच गावी न्यायचा बेत आखलाय, एवढंच मला विचारायचं आहे.

ठिणगी भाऊबीजेला पडली. जेवणं झाली होती, बडीशेपेची डबी फिरत होती, आणि भावजी कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आलीय.”

घरात एकदम शांतता पसरली. जोडून सुट्टी म्हटल्यावर मराठी माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते लॉटरी लागली तरी येत नाही. पाचच मिनिटांत अजिंठा-वेरूळ नक्की झालं. चिरंजीवांनी ‘चलो दौलताबाद’ नावाचा ग्रुप काढला. आई आतून एवढंच म्हणाली, “जायचं तर जाऊ, पण दूधवाल्याला आधी सांगून ठेवा.” सगळे एका सुरात ‘हो’ म्हणाले.

गावाचं नाव काय घ्यायचं इथून मतभेद सुरू झाले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा ते खडकी होतं, मग फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. बाबांची जीभ तिसऱ्या नावावर अडकलेली, चिरंजीव चौथ्यावर ठाम. बाबांनी ‘औरंगाबाद’ म्हटलं की तो दुरुस्ती करायचा, आणि बाबा “बरं, खडकी,” म्हणून विषय संपवायचे.

भावजी बँकेत होते. त्यामुळे बेत एक्सेलमध्ये गेला. शनिवार ते मंगळवार चार दिवस, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग, अंतर, पेट्रोल, चहा, ‘किरकोळ’ आणि ‘अतिकिरकोळ’ असे दोन स्वतंत्र रकाने. त्यात सोमवारी अजिंठा होता आणि मंगळवारी वेरूळ. या तक्त्याला सगळ्यांनी अंगठे दाखवले. मंगळवारची रजा मी साहेबांकडून आजोळच्या एका वारलेल्या मामांच्या नावावर मिळवली. तीन आठवडे सगळं सुरळीत होतं.

मग एका रात्री चिरंजीव मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, “बाबा, अजिंठा सोमवारी बंद असतं.”

“मग सोमवारी वेरूळ करू, मंगळवारी अजिंठा,” मी म्हणालो. या चपळाईचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

“हां, वेरूळ मंगळवारी बंद असतं. म्हणजे आपण बरोबर दोन्ही दिवशी बंद दारं बघणार होतो.”

भावजींना फोन लावला. पलीकडे बराच वेळ फक्त श्वास ऐकू आला. शेवटी ते म्हणाले, “तक्त्यात तसा रकानाच नव्हता.”

आता नुसती अदलाबदल करायची होती. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, संपलं. पण बेत एकदा उघडला की गळू फुटल्यासारखं होतं, इतके दिवस गप्प बसलेले सगळे बोलायला लागतात. मंगळवारी चिरंजीवांची चाचणी परीक्षा निघाली. मामा फुकट गेले. राहिले तीनच दिवस, शनि-रवि-सोम, आणि त्या तीन दिवसांवर घरातल्या प्रत्येकाने आपापला देव आणून बसवला.

आईला घृष्णेश्वर सोमवारीच हवा होता. ज्योतिर्लिंग आहे, सोमवार आयता मिळतोय, तर रविवारी कशाला? तिचं म्हणणं बिनतोड होतं, आणि घृष्णेश्वर वेरूळच्या लेण्यांशेजारीच असल्याने माझंही साधत होतं. पण बाबांचा शनिवार. खुलताबादला भद्रा मारुती आहे. तो इतर मारुतींसारखा उभा नाही, चक्क झोपलेला आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांना तो फार जवळचा वाटतो. मारुती म्हणजे शनिवार. आता खुलताबाद आणि वेरूळ एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर, शहरापासून तीसेक किलोमीटर, एकाच रस्त्यावर. म्हणजे शनिवारी तिकडे जायचं, वेरूळच्या तोंडापर्यंत पोचून परत यायचं, आणि सोमवारी पुन्हा त्याच रस्त्याने तिथेच जायचं. भावजी म्हणाले, “दोन्ही देव एकाच दिवशी उरकू.” आईने ‘उरकू’ हा शब्द ऐकला, आणि त्यानंतर दोन दिवस ती भावजींविषयी बोलताना ‘तुमचे ते बँकवाले’ असं म्हणत होती.

रविवार अजिंठ्याला गेला. ते शंभर किलोमीटर, आणि अगदी दुसऱ्या दिशेला. तेवढ्यात ताईचा आवाज आला, “आणि पैठण?” पैठण दक्षिणेला पन्नास किलोमीटर. आईला तिथे एकनाथांची समाधी हवी होती, बायकोला आणि ताईला पैठणी. एकाच गावी दोन पिढ्यांचा मोक्ष. मी कंपासने नकाशा मांडून दाखवला की ही तीन ठिकाणं तीन दिशांना आहेत आणि मधे आपण. बायको म्हणाली, “देवगिरीच्या यादव राजांना बरं जमायचं सगळं?” मी म्हणालो की यादवांना पैठणी घ्यायला मागावर बसून बुट्टे मोजावे लागत नसत. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

तिकिटाचा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण अजून तो माझ्या स्वप्नात येतो. देवगिरी एक्सप्रेसने शुक्रवारी रात्री कल्याणहून निघायचं ठरलं. गाडीचं नावच देवगिरी, तेवढाच तुघलकी योग. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. पावणेआठपासून मी लॅपटॉपपुढे हात धुऊन बसलो होतो, नावं-वयं भरून तयार. आठला चार सेकंद झाली, गाडी हिरवी दिसली, पैसे भरायच्या पानावर आलो, आणि ओटीपी बाबांच्या मोबाइलवर गेला. कारण खातं बाबांचं. बाबा अंघोळीला. मोबाइल खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. काढला तर पॅटर्नचं कुलूप.

मी बाथरूमच्या दाराशी धावलो. “बाबा, पॅटर्न काय आहे?”

आतून तांब्याचा आवाज थांबला. “सात!”

मी सात काढला. फोन थरथरला, उघडला नाही. पुन्हा काढला. पुन्हा थरथरला.

“बाबा, उघडत नाहीये!”

“अरे, मराठी सात!”

मराठी सात नऊ ठिपक्यांवर कसा काढतात ते मी त्या ओल्या पायपुसण्यावर उभा राहून शिकलो. उघडला तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती, दुसरा मागवला, आणि आमची पाच माणसं वेटिंग लिस्टमध्ये एकवीस ते पंचवीस नंबरला जाऊन बसली. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, स्क्रीन बघितला आणि म्हणाले, “आमच्या वेळी स्टेशनवर जाऊन फॉर्म भरायचो, पाच मिनिटांत काम.” बाबा १९७८ साली अजिंठ्याला जाऊन आलेत, आणि त्या एका सहलीच्या जोरावर गेली कित्येक वर्षं घरातल्या प्रत्येक सहलीचं परीक्षण करतात. आता खाजगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच ठेवावी लागते आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, हे त्यांना मान्यच नाही. “आमची एसटी थेट लेण्यांपर्यंत गेली होती,” एवढंच ते म्हणतात.

या काळात वाचन मात्र खूप झालं. बायको ‘रात्री एकला काय वाचताय?’ विचारायची आणि मी ‘राष्ट्रकूट’ म्हणायचो. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिल्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. अख्खा डोंगर वरून खाली खोदत आणलाय, आधी शिखर, मग खांब, मग पाया. जुनी मराठी कथा आहे की राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण केला, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने शिखरापासूनच सुरुवात केली, म्हणजे आठवड्याभरात राणीला जेवता यावं. घरात उपास धरून बसलेल्या बाईपुढे माणूस काय करू शकतो याचं ते केवढं मोठं दगडी उदाहरण आहे, हे सोमवार करणाऱ्या आईच्या मुलाला चटकन पटलं. वरून खाली खोदायचं म्हणजे एक घाव चुकला तर डागडुजी नाही. आमचे सगळेच घाव चुकलेले होते.

बीबी का मकबऱ्याबद्दल वाचलं तेव्हा भावजींची फार आठवण झाली. औरंगजेबाच्या बेगमेच्या, दिलरस बानूच्या, आठवणीत तो बांधला आणि त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. सात आणे! ताजमहालाची नक्कल करायला निघालेल्या शाही घरातसुद्धा कुणीतरी ‘अतिकिरकोळ’चा रकाना ठेवणारा होता.

मग जेवण. नान-खलिया हा शहरातला खास मटणाचा पदार्थ, तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं तिथले लोक सांगतात. मला, भावजींना आणि चिरंजीवांना तो खायचाच होता. पण शनिवारी बाबांचा मारुती, सोमवारी आईचा शंकर. उरला रविवार. आईने परवानगी दिली, ती अशी: “खा. पण वेगळ्या हॉटेलात, आणि येताना अंघोळ करून या.” रात्री दहाला, जानेवारीत.

आईचा गुडघा हा अंतिम मुद्दा. अजिंठ्याला डोलीवाले असतात हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला आणि मग लगेच मावळला. “चार माणसांच्या खांद्यावरून जायची घाई नाही मला.” चिरंजीवांना हे वाचून दाखवायचा मोह आवरला नाही की इब्न बतूता या तेव्हाच्या प्रवाशाने दिल्ली-दौलताबाद वाट चाळीस दिवसांची लिहिलीय, आणि दिल्लीतून निघायला तयार नसलेल्या एका आंधळ्याला सुलतानाने फरफटत न्यायचा हुकूम दिला, तेव्हा दौलताबादला फक्त त्याचा पाय पोचला. आई शांतपणे म्हणाली, “माझा तो डावा असेल. उजवा वाटेतच राहील.”

पैठण शेवटी रद्द झालं. पैठणी मात्र रद्द झाली नाही. ती शहरातल्याच एका दुकानातून घ्यायची ठरली आणि भावजींनी एक नवा, बिनरंगाचा रकाना उघडला. वेटिंग लिस्ट तिकीट चार्ट लागायच्या आधी पक्कं झालं, तीन जागा एका डब्यात, दोन दुसऱ्यात. खालचा बर्थ मिळाला चिरंजीवांना.

शनिवारी भल्या पहाटे गाडीने आम्हाला सोडलं. हॉटेलची खोली दुपारी बारानंतर मिळणार होती. सोफ्यावर ओळीने सात तास काढून, भद्रा मारुतीची झोप डोळ्यांनी बघून (बाबा हेव्याने बराच वेळ उभे होते), दुपारी उशिरा आम्ही दौलताबादच्या किल्ल्यात पोचलो. बाकीचे खंदक ओलांडून वर गेले, अंधारी म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता बघायला. आई-बाबा चांदमिनारच्या समोर कठड्यावर बसले आणि सोबतीला मी, कारण सकाळपासून पिशव्या माझ्याकडेच होत्या. शेजारी शाळेची सहल होती. मास्तर मुलांना सांगत होते, सुलतानाने फर्मान काढलं, सगळ्या दिल्लीने निघायचं, म्हातारेकोतारे, बायकापोरं, मागे कुणी राहायचं नाही.

आई मन लावून ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सगळेच निघाले? मग घरं कुणाच्या भरवशावर टाकली?”

“असेल कुणीतरी शेजारी,” मी म्हणालो.

“शेजारी पण निघाले ना रे.”

बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. समोर किल्ल्याची कातळभिंत उन्हात तांबूस झाली होती आणि वरून कुठूनतरी चिरंजीव आम्हाला हात करत होते. आई थोडा वेळ गप्प बसली.

“दूधवाल्याला कुणी सांगितलं?”

मी बाबांकडे बघितलं. बाबा चांदमिनारकडे बघायला लागले. मी ग्रुप उघडला, दिवाळीपर्यंत मागे गेलो. तीनशे बारा मेसेज होते. शेवटी बायकोला फोन लावला, तिच्या मागे वटवाघळांचा चिरका आवाज येत होता.

“मला वाटलं तुम्ही सांगितलंत,” ती म्हणाली.

दाराच्या कडीला पिशवी असते. रोजच्या दोन, तीन दिवसांच्या सहा.