चारशे मीटरवरचा पाव

आमच्या वसाहतीच्या माहितीपत्रकात एक सायकल आहे. पुढच्या टोपलीत फुलं, सीटवर हसरी मुलगी, मागे माड आणि वर जून महिना कधी पाहिलाच नाही असं आकाश. गोव्यात पर्वरीच्या सड्यापासून, म्हणजे पठारापासून, फातोर्ड्यापर्यंत कुठल्याही नव्या वसाहतीचा कागद उघडा, ही मुलगी भेटेल. ती फाटकाबाहेर कधी पडत नाही. म्हणून अजून हसते आहे.

त्याच कागदावर ‘बाजार, बेकरी, बसथांबा वॉकिंग डिस्टन्सवर’ असंही छापलंय. ह्यात खोटं काहीच नाही. अंतर चालण्याजोगं आहे असं ते म्हणतात. रस्ता चालण्याजोगा आहे असं कुठे म्हणाले? बेकरी ४०० मीटरवर. रस्त्याचं गणित मांडणारे अभियंते माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे साडेपाच मिनिटांचं काम. संध्याकाळचे उंडे, म्हणजे गोल पाव, आणायला मला जाऊन-येऊन पाऊण तास लागतो. उरलेली पस्तीस मिनिटं कुठे सांडतात त्याचा हा हिशोब.

तसे उंडे दारात यायला हवेत. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल, मागे पाटी, भोंग्याचं पोंय पोंय, हे सगळं गोव्यात अजून चालू आहे. फक्त आमच्या फाटकापर्यंत. भोंग्याने कुणाची तरी दुपारची झोप मोडते, आणि शिवाय फाटकावरच्या नोंदीत ‘वाहन क्रमांक’ असा रकाना आहे. पोदेराच्या सायकलला नंबरप्लेट कुठली? रकाना रिकामा ठेवणं नियमात बसत नाही. तेव्हा पोदेर येत नाही, आम्ही जातो.

पहिली दहा मिनिटं फाटकातच जातात. सहा मीटर रुंद प्रवेश, त्यावर आडवा दांडा. गाडी दिसली की दांडा उठतो. माणूस दिसला की उठत नाही, कारण दांड्याच्या यंत्राला माणूस हा प्रकार शिकवलेला नाही. मग एक तर वाकून खालून जायचं, किंवा दांडा आणि चौकी यांच्यामधल्या वीतभर फटीतून, जिथे राखणदाराची खुर्ची आणि खुर्चीत राखणदार असतो. जुन्या वाड्यांचे, किल्ल्यांचे दरवाजे आठवा. हत्ती जाईल एवढा महादरवाजा, आणि त्याच्याच एका फळीत माणसापुरती दिंडी. हत्ती वर्षातून एकदा येतो, माणसं रोज येतात, हे तेव्हाच्या सुताराला ठाऊक होतं.

दिंडी करायला खर्च जवळजवळ नाही, पण ती नकाशात असताना करावी लागते. मोकळी रुंदी १.२ मीटर ठेवावी: व्हीलचेअर, बाळगाडी आणि हातात धरलेली सायकल तिन्ही सरळ जातात. उंबरा नको; दोन सेंटीमीटरचा उंबरासुद्धा व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकाला डोंगर असतो. ‘मग गाड्या घुसतील’ म्हणणाऱ्यांनी टेप घेऊन यावं. जुनी छोटी ऑल्टोसुद्धा दीड मीटर रुंद आहे. स्कूटर घुसेल, हे मान्य. तिला अडवायला लोक वळणावळणाचे लोखंडी पाईप लावतात. त्यात स्कूटरवाला तिसऱ्या दिवशी वाट काढतो आणि व्हीलचेअर कायमची अडकते.

आता गंमत बघा. आतल्या बाजूला चालण्याची उत्तम सोय आहे. लाल रंगाचा जॉगिंग ट्रॅक, बाजूला दिवे, बाक, जास्वंदी. सकाळ-संध्याकाळ मंडळी त्यावर गोल गोल फिरतात, घड्याळात पावलं मोजतात आणि दहा हजार झाली की गाडी काढून पाव आणायला जातात. घाण्याचा बैलही एवढा चालतो, पण निदान तेल काढतो. आमच्या नकाशात चालणं हा व्यायाम आहे. चालत कुठे तरी पोचायचं असतं, ही शंका आखणाऱ्याच्या मनाला शिवलेली नाही. माझं सगळं भांडण खरं तर ह्या एका गोष्टीशी आहे.

बेकरी आमच्या मागच्या भिंतीपासून दिसते. वास तर येतोच. ही जागा भाट, म्हणजे माडांची बाग, होती तेव्हा इथून वाड्यावर जाणारी पायवाट होती. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, वाट असायची. नसली तर दोन चिरे बाहेर काढून पायऱ्या केलेल्या असायच्या, म्हणजे माणूस ओलांडेल आणि गुरं नाही. आता तिथे दोन मीटर उंच भिंत आणि वर काचा. ऐंशी मीटरची वाट चारशेची झाली ती इथे. मागे दुसरी दिंडी ठेवा म्हटलं की उत्तर येतं: दोन पाळ्यांना दोन राखणदार, त्यांचा पगार कोण देणार? प्रश्न रास्त आहे, मीही मेंटेनन्स भरतो. पण लिफ्टला, क्लबहाउसला, पोहण्याच्या तलावाला जे कार्ड लावता तेच ह्या दारालाही लागतं. वर एक कॅमेरा आणि एक दिवा. दिवा मात्र दाराच्या दोन्ही बाजूंना पडला पाहिजे, नाहीतर बायका संध्याकाळी सातनंतर ते दार वापरत नाहीत. मग ‘कुणी वापरतच नाही’ असा ठराव होऊन त्याला कुलूप लागतं.

सड्यावरून खाली उतरायचं असेल तर पायऱ्या येतात. पायऱ्यांच्या कडेला सायकल ढकलायला एक पन्हळ करतात, फार स्वस्त आणि फार सोयीची गोष्ट. ती नव्वद टक्के ठिकाणी भिंतीला अगदी चिकटवलेली असते (टक्के माझेच, डोळ्यांनी मोजलेले). सायकलचं हँडल साठ सेंटीमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून तीस. पन्हळ भिंतीपासून तीस सेंटीमीटरपेक्षा जवळ असली की हँडल भिंत खरवडतं, पॅडल कठड्यात अडकतं आणि माणूस सायकल खांद्यावर घेऊन पन्हळीशेजारून उतरतो.

फाटकाबाहेर पडलो की पदपथ. गोव्यातला पदपथ म्हणजे बहुतेक वेळा पावसाळी गटाराचं झाकण, हे आधी समजून घ्यावं. जून ते सप्टेंबर इथे जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा गटार मोठंच हवं आणि त्यावरून चालायलाही हरकत नाही. हरकत लाद्यांना आहे. मे महिन्यात गटार साफ करायला त्या उचलतात आणि परत ठेवताना एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं आकाशाला. मधल्या फटीत चप्पल जाते, सायकलचं चाक जातं. पाणी जायच्या लोखंडी जाळीचंही तेच: तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या हव्यात. उभ्या बसवल्या तर बारीक टायर आत जातो आणि सायकलस्वार पुढे.

लादी फुटते का, त्यालाही कारण आहे. झाकणांच्या भारतीय मानकात, आयएस १२५९२ मध्ये, २.५ टनांपासून ३५ टनांपर्यंत भार पेलणाऱ्या चार प्रती आहेत. पदपथाला अडीच टनांचं चालतं. पण त्याच पदपथावरून जिथे गाड्या आत वळतात तिथे जड प्रत लागते. ठेकेदार सगळीकडे एकच आणतो, आणि बांधकामाच्या वाळूचा पहिला टिपर वळला की झाकणाचे दोन तुकडे. त्यात माडाची झावळी खोचून ठेवतात. झावळी ही आमच्याकडची वाहतूक-चिन्हांतली सर्वांत प्रामाणिक खूण.

पदपथाची मापं काही गुपित नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसची १०३ क्रमांकाची मार्गदर्शिका २०१२ पासून सांगते आहे: मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची, आणि रस्त्यापासून पदपथ १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. आमचा तीस आहे. गाड्या चढू नयेत म्हणून उंच केला. आता गाड्या चढतात आणि आजी चढत नाहीत. पुढे दर फाटकाशी पदपथ खाली उतरतो, पुन्हा चढतो. पन्नास मीटरांत चार फाटकं म्हणजे आठ चढउतार. उंटावरून पाव आणल्यासारखं वाटतं. करायचं उलट: पदपथ त्याच उंचीवर सरळ न्यायचा आणि उतार गाडीला द्यायचा. गाडीला गुडघे नसतात.

‘मोकळी रुंदी’ ह्यातला मोकळी हा शब्द वाचायचा राहून जातो. १.८ मीटरच्या मधोमध विजेचा खांब आला की दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर उरतो, त्यातही एका बाजूला गुलमोहर आणि दुसऱ्या बाजूला फीडर पिलर, म्हणजे विजेची पेटी. खांब, झाडं, पेट्या सगळं रस्त्याकडच्या एका पट्टीत घ्यावं आणि १.८ त्याच्या आत मोजावं. खरं तर गोव्यात हे माप छत्रीने घ्यायला हवं. साधी घडीची छत्री उघडली की जवळजवळ एक मीटर होते. समोरासमोर दोन छत्र्या आल्या की १.८ मध्ये एकीला वर उचलावं लागतं. कुणी उचलायची हे वयावर आणि पिशवीत किती पाव आहेत ह्यावर ठरतं.

वरचे ब्लॉक चकचकीत निवडू नयेत. रबरी साच्यातले गुळगुळीत ब्लॉक नमुन्यात झकास दिसतात, जुलैत त्यावर शेवाळ चढलं की माणूस बसूनच बेकरीला पोचतो. खरखरीत पृष्ठ, पाणी निघून जायला पन्नासात एक असा आडवा उतार, चालायच्या जागी ६० मिलिमीटर जाडी आणि गाडी वळते तिथे ८०. कडेला काँक्रीटची पक्की कड हवीच; ती वाचवली की ब्लॉक बाजूला सरकतात, खालची वाळू पहिल्याच पावसात निघून जाते आणि दाबला की पचकन पाणी उडवणारा ब्लॉक तयार होतो. तो कोणता, हे रोजच्या माणसाला पाठ असतं. नव्या माणसाची पँट सांगते.

रस्त्याच्या वेगावर आमचा एकच उपाय: रंबलर. ग्रामसभेत ठराव, पांढऱ्या जाड पट्ट्यांची रांग, आणि मोटारवाले त्यावरून जोरात गेलं की धक्का कमी लागतो हे आठवड्यात शिकतात. सायकलवाल्याचे मात्र दात मोजून होतात. दुसरा प्रकार काळ्या-पिवळ्या रबरी उंचवट्याचा, हातभरही रुंद नाही. गतिरोधकाचं खरं माप आहे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी अलगद जाते आणि पन्नासने गेली तर चालकाला पुन्हा जायची इच्छा होत नाही. त्याहून चांगलं म्हणजे रस्ता ओलांडायची जागाच पदपथाच्या उंचीला आणणं. कोपरेही आवळावेत. वळणाची गोलाई मोठी ठेवली की रेंट-अ-कॅबवाला पर्यटक ब्रेक न लावता वळतो, आणि ओलांडायचं अंतरही वाढतं.

सायकल ठेवायची जागा तळघरात, सांडपाण्याच्या यंत्राशेजारी असते. तिथे पुढचं चाक अडकवायचे तारेचे स्टँड. सायकल कलंडली की रिम वाकते. जमिनीत रोवलेला उलट्या ‘यू’चा पाईप पुरतो: पन्नास मिलिमीटर जाड, पाऊण मीटर उंच, दोन पाईपांत एक मीटर अंतर, प्रत्येकाला दोन सायकली. वर पत्रा हवा, नाहीतर खारी हवा आणि पाऊस मिळून चेन एका पावसाळ्यात तांबडी. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात, पण हे सभेत बोलू नये. ज्याची ती जागा असते तो रागावतो.

चालणाऱ्याला गोव्यात मान मिळतो तो फक्त फेरीबोटीत. बेती-पणजी पायी गेलात तर तिकीटही नाही.

असो, पाव घेऊन परत येतो. आमच्याकडचे राखणदार महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात, आणि नव्याचा एक ठाम समज असतो की इथले रहिवासी काचेआडून येतात. चालत येतो तो बाहेरचा. ‘किस फ्लॅट में जाना है?’ मी माझाच नंबर सांगतो. आता वहीऐवजी मोबाईलवर नोंद असते आणि तिथे चारच चित्रं: मोटार, दुचाकी, टॅक्सी, डिलिव्हरी. पायी माणसाचं चित्र नाही. तो बिचारा माझ्याकडे बघतो, पिशवीतल्या गरम उंड्यांकडे बघतो, आणि चौथं दाबतो. वर घरात फोन वाजतो, बायको ‘अलाव’ करते, आणि दांड्याखालून वाकून मी आत येतो.